टॉवरकडे पाठ

सासरे : कोणाला विचारून फिरवलीत?

जावई : त्यात विचारायचं काय, बाबा? अँटेनाची पाठ टॉवरकडे होती. मोबाइलवर अ‍ॅप आहे, टॉवर कुठे आहे ते बाणानं दाखवतं. बाणाप्रमाणे केली सरळ.

सासरे : बारा वर्षं ती टॉवरकडे पाठ करून उभी होती आणि बारा वर्षं चित्र स्वच्छ येत होतं. आज तुम्ही तिला शिस्त लावलीत आणि पडदा काळा झाला.

जावई : सुधारायलाच गेलो ना मी! एका अँटेनावर घरातले दोन्ही टीव्ही, सगळ्यांचे मोबाइल चालावेत म्हणून खाली तो बॉक्स बसवला. बूस्टर लावला. रेकॉर्डिंगची सोय केली.

सासरे : रेकॉर्डिंग चालूच आहे. चार वाजल्यापासून काळोख साठवतोय तुमचा बॉक्स. अत्यंत सुस्पष्ट काळोख.

जावई : एवढं चिडायला काय झालं?

सासरे : पाचला तिची मुलाखत आहे. थेट. पुन्हा दाखवत नाहीत, नेटवर टाकत नाहीत. छत्तीस वर्षं नर्स होती तुमची सासू, कोणी तिला कधी काही विचारलं नाही. आज विचारणार आहेत. निघताना मला म्हणाली, ‘या वेळी तरी बघा.’

जावई : या वेळी तरी म्हणजे?

सासरे : तिच्या निरोप समारंभात माइक खरखरत होता. मी स्टेजमागे वायर दाबून उभा राहिलो. सगळ्या हॉलला भाषण ऐकू गेलं, मला नाही. भाषण सोडून बाकी सगळं मात्र गेली पाच वर्षं ऐकतोय.

लेक (फोनवर) : बाबा, पाच वाजले! अजून ‘सिग्नल नाही’च येतंय.

सासरे : तुझ्या नवऱ्याला सांग.

लेक : तुमच्या शेजारीच उभा आहे ना तो?

सासरे : आहे. पण मला त्यांच्याशी आदरानं बोलावं लागतं. तू मोकळी आहेस.

जावई : बाबा, टॉवर खरंच तिकडे आहे हो!

सासरे : आहे ना! आणि मध्ये ती आठ मजली इमारत आहे, ती तुमच्या बाणाला दिसत नाही. सिग्नल तिथे अडतो. त्या मागच्या ऑफिसच्या काचांवर आपटून जेवढा परत येतो, तेवढाच आपला. तीन रविवार घालवले मी तो शोधायला.

जावई : मग सांगायचं तरी!

सासरे : ‘बाबा, गच्चीवरचं जरा नीट करतो,’ म्हणालात. मला वाटलं झाडणार. द्या तो पाना.

जावई : नट फिरणार नाही आता.

सासरे : का?

जावई : वाऱ्यानं हलू नये म्हणून वरून इपॉक्सी ओतलंय. दगडासारखं होतं ते. म्हटलं, कायमचा बंदोबस्त.

सासरे : तुम्ही इंजिनिअर ना?

जावई : सॉफ्टवेअरचा.

सासरे : तरीच. वरचे दोन स्क्रू काढा. ते तरी सोडलेत ना? अँटेना सुटी करा, हातात धरतो.

(सासरे टाकीच्या कट्ट्यावर चढतात आणि अँटेना डोक्यावर धरून टॉवरकडे पाठ करतात.)

लेक : आलं! नाही, गेलं. नुसते चौकोन दिसतायत. जरा डावीकडे... आलं! बाबा, आई! आई दिसतेय! हलू नका!

जावई : द्या इकडे, मी धरतो. तुम्ही पळा खाली.

सासरे : घ्या. असंच. अगदी असंच.

लेक : गेलं! काय केलंत?

सासरे : आणा परत. तीन रविवारांचं काम आहे, जावईबापू, हातात दिलं म्हणून जमत नाही.

लेक : आलं, आलं.

सासरे : काय बोलतेय ती? फोन टीव्हीजवळ ने ना.

लेक : जवळच आहे हो!

सासरे : वाऱ्यात नुसती गुणगुण येतेय. तू सांग.

लेक : पहिल्या रात्रपाळीचं सांगतेय. आपल्याला कधी सांगितलंच नव्हतं हे तिनं. बाबा, छान बोलतेय. अडखळत नाहीये अजिबात.

सासरे : ती कशाला अडखळेल! पुढे?

लेक : थांबा... विचारतायत, आज घरून कोण बघतंय.

सासरे : मग?

लेक : हसली.

सासरे : हसली, आणि? अगं, बोल ना!

लेक : म्हणाली, लेक-जावई बसले असतील टीव्हीसमोर. हे नसतील. हे गच्चीवर असतील, अँटेना धरून.

जावई : बाबा, अजून एकदा मी धरून बघतो. खरंच.

सासरे : नको. तुम्ही खाली जा. तिचं बोलणं पुरतं खरं होऊ द्या.