दुसऱ्या बाजूवरची टकटक

मंडळी, बसा. मागं उभे असलेले बी बसा, खुर्च्या सरल्या असतीन तं सतरंजीवर बसा. साऱ्याईले जयभीम, सलाम, नमस्कार. कमलवहिनी, तुमच्याकडं पाहून बोलाची माही हिंमत नाई, म्हून मी समोर पाहून बोलतो.

मी भाषन करनारा मानूस नाई. अनसिंगात मले सारे चेकर म्हनतात, कारन एसटीत मी तिकीटं तपासत होतो. सारी नोकरी लोकाच्या मुठी उघडून पाह्यन्यात गेली. कोनी नुसतं हसलं तरी मले वाटते, हा काहून हसला? असा मानूस शोकसभेत काय बोलन? पन आज मले बोलाच लागते. उत्तमभाऊ सरकटेच्या बाबतीत माह्या हातून एक गोष्ट झाली हाय. ती इथं सांगतल्याशिवाय मले घरी जाता येनार नाई.

आधी बोलले त्याईनं सांगतलं, उत्तमभाऊ लय मोठा गायक होता. हाव, होता. पन मले एक विचारू द्या. इथं बसलेल्यांपैकी किती जनांनी त्याचं एक तरी गानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं? हात वर करू नका. कोनाचे हात वर जातीन, मले माहीत हाय. लग्नात तो गात होता तवा आपन पंगतीत बुंदी मागत होतो. विहारात गात होता तवा आपन चपला शोधत होतो. मी बी तुमच्यातच होतो. चाळीस वर्षांचा दोस्त, पन त्याचं गानं सुरू झालं का मी बाजूवाल्याशी बोलाले मोकळा.

उत्तमभाऊ लाईनमन होता, हे तुमाले माहीतच हाय. वादळ आलं का आपन दारं लावून घेत होतो अन् तो घराबाहेर पडून खांबावर चढत होता. निवृत्त झाला त्या दिवशी कमलवहिनीनं एका डबीतून लग्नातली अंगठी काढली अन् त्याच्या डाव्या हाताच्या बोटात घातली. नोकरीभर ती डबीतच होती. तारेवर काम करनाऱ्याच्या बोटात धातू चालत नाई. त्या दिवसापासून ती अंगठी त्यानं आंघोळीलेबी काढली नाई. हे ध्यानात ठेवा.

मागच्या वर्षी तो माह्या घरी आला. म्हने, "चेकर, आपन रेकॉर्ड काढू. माह्या गान्यांची. काळी, गोल, सुईवर वाजते ती."

मी म्हनलो, "कोनती कंपनी काढून राह्यली?"

"कंपनी नाई. आपनच."

"मंग कोन फसवून राह्यलं तुले?"

तो हसला. मले अजून संशय आला. मी विचारलं, आता मोबाईलवर सारं फुकट वाजते, कायले पाह्यजे तुले ही रेकॉर्ड? तो म्हने, "मोबाईलवरचं गानं लोक बोटानं पुढं ढकलतात. रेकॉर्ड ऐकाले मानसाले बसा लागते. एक बाजू झाली का उठून पलटवा लागते. जो पलटवन, तो ऐकन." इतकंच बोलला अन् चहा पिऊन गेला.

त्यानं सारं समजून घेतलं, बरं का. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं पुरे. जास्त भरलं का रेघा बारीक होतात अन् आवाज पडते. जोराचं गानं काठाकडं ठेवा, मऊ गानं आत, मधाकडं, कारन आत गेल्यावर सुईले जागा कमी भेटते. हे तो मले खडूनं फरशीवर गोल काढून समजावत होता. मी मनात म्हनत होतो, याले हे कोन शिकवून राह्यलं, अन् शिकवनाऱ्याले यातून काय भेटन?

रेकॉर्डिंगसाठी कापसाचं रिकामं गोदाम पाह्यलं. मंडपवाल्याकडून गाद्या आनल्या, भिंतीले टांगल्या, म्हनजे आवाज घुमत नाई. दोन ढोलकीवाले, एक टाळवाला, अन् उत्तमभाऊ पेटीवर. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात मागं भात्यावर. शेवटचं गानं त्यानं एकट्यानंच म्हनलं. ना ढोलकी, ना टाळ, नुसती पेटी. वादळात नवरा खांबावर हाय अन् बायको दारात कंदील घेऊन उभी हाय, असं ते गानं. ते कोनावर लिहिलं ते इथं सांगाची गरज नाई.

रेकॉर्डिंग दूरच्या एका कारखान्यात गेलं. तिथं म्हने एका मऊ थाळीवर सुई आवाजाची रेघ कोरते. तिच्यावरून निकेलचा साचा बनते. मंग गरम प्लास्टिकचा गोळा दोन साच्यांच्या मधात ठेवून दाबतात, पापडाची लाटी दाबतात तसा. मधातला गोल कागदबी त्याच दाबात बसते, त्याले डिंक लागत नाई. मी म्हनलो, डिंकाशिवाय कागद चिकटते? ह्याच्यात नक्की काहीतरी गडबड हाय.

कव्हरचं काम आपल्या वाशीमच्या रहीमभाईकडं दिलं. लग्नपत्रिका छापतात ते. बसले हायेत ते तिकडं. रहीमभाई, खरं सांगजा, मी तुमच्यावरबी संशय घेतला का नाई? मान हलवून राह्यले पाहा. पयलं कव्हर त्याईनं बराबर बारा इंच कापलं. रेकॉर्ड बारा इंचाची, कव्हर बारा इंचाचं, आत जाईना. मी म्हनलो, पुठ्ठा वाचवून राह्यले तुमी. रहीमभाई म्हने, "अरे चेकरसाहब, पत्रिकेले लिफाफा मोठा लागते, हे मले कळते. तुमीच बारा लिहून देल्लं." चिठ्ठी पाह्यली. अक्षर माहंच होतं. तरी मी म्हनलो, विचारून घ्याले पाह्यजे होतं. मंग त्याईनं थोडं मोठं कापलं, आत घालाले पातळ कागदाची पिशवी केली, अन् वरून बजावलं का रेकॉर्ड आडव्या थापीत ठेवू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, नाईतं वाकतीन. हा मानूस कितीक जीव लावून काम करून राह्यला होता. अन् मी त्याचा पुठ्ठा मोजत होतो.

आता मुद्द्यावर येतो.

साऱ्या रेकॉर्डी दाबन्याआधी कारखाना नमुना पाठवते. चार-पाच रेकॉर्डी, कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या. त्या ऐकाच्या अन् कागदावर लिहून द्याचं, मंजूर का नामंजूर. मंजूर म्हनल्याशिवाय ते पुढं हात लावत नाईत. उत्तमभाऊनं काय केलं? कारखान्याले लिहून देल्लं का सही चेकरची राहीन. मी म्हनलो, माही कायले? मले सुरातलं काय कळते? तो म्हने, "सुरातलं नाई कळत. पन तुह्यासारखा संशयी मानूस साऱ्या जिल्ह्यात नाई. तू पास केलं म्हनजे त्यात खोट राहूच शकत नाई."

मले बरं वाटलं, मंडळी. खरं सांगतो. आयुष्यभर लोकाईनं मले संशयी म्हून शिव्या देल्ल्या, अन् या मानसानं त्याच गुनावर मले काम देल्लं.

नमुना आला. पयली बाजू साफ. दुसरी बाजूबी शेवटच्या गान्यापर्यंत साफ. शेवटचं गानं लागलं अन् मी कान टवकारले. टक. मंग थांबून, टक. बारीक, पन हाय. मी म्हनलो, रेकॉर्ड खराब हाय. ओरखडा हाय. नामंजूर.

कारखान्यानं दुसरा नमुना पाठवला. मी रोज संध्याकाळी पाच वाजता उत्तमभाऊच्या घरी. वहिनी चहा ठेवत. मी रेकॉर्ड वाजवाच्या मशीनजवळ कान लावून. टक. त्याच जागी टक. मी फोन केला. तिकडचा मानूस नरमाईनं म्हने, "साहेब, हा आवाज तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे." मी म्हनलो, हाव, हाव, पकडल्या गेलेले सारे असंच म्हनतात, तिकीट खाली पडलं साहेब. मी मोबाईलवर मूळ रेकॉर्डिंग लावून पाह्यलं. त्या एवढ्याशा भोंग्यात काही ऐकू आलं नाई. झालं, माही खात्री पटली. मी म्हनलो, थाळी नव्यानं कोरा. मी सही करत नाई.

घड्याळ लावून बसलो मी. ओरखडा असता तं रेकॉर्डच्या दर फेऱ्याले, बराबर तेवढ्याच वेळानं टक झाली असती. ही टक कधी लवकर येई, कधी उशिरा. म्हनजे ओरखडा नव्हता, हे माह्याच वहीत माह्याच हातानं लिहिलेलं हाय. साऱ्या दुनियेवर संशय घेनाऱ्या मानसाले एकदाबी असं नाई वाटलं का माहंच चुकत असन.

अन् उत्तमभाऊ? तो समोर पलंगावर बसून राहे. रेकॉर्डकडं पाहेच नाई. माह्याकडं पाहे. मी ऐकत असलो का तो माह्या तोंडाकडं पाहून गालात हसे. मले वाटे, हा काहीतरी लपवून राह्यला. मी विचारलंबी, "काहून पाहून राह्यला रे?" तो म्हने, "काही नाई. अजून एकडाव लाव." मी अजून एकडाव लावे.

दोन महिने असे गेले. दोन महिने मी सही केली नाई. मागच्या मंगळवारी सकाळी उत्तमभाऊ उठलाच नाई.

मंडळी, त्याच्या रेकॉर्डी आतापर्यंत आल्या असत्या. रहीमभाईची कव्हरं कवाची तयार होऊन पडली हायेत. तो त्या हातात घेऊन पाहू शकला असता. वास घेतला असता, तुमच्या घरोघर स्वतः देऊन आला असता. हे माह्यामुळं झालं नाई. कोनी माह्यापाशी येऊन "होनारं होऊन गेलं" म्हनू नका. मले ते चालनार नाई.

परवा मी कमलवहिनीकडं गेलो. म्हनलो, वहिनी, मी त्या कारखान्याले सोडनार नाई, ऐका तुमी, ही टक ऐका. अन् मी सुई ठेवली. वहिनीनं ऐकलं. पदर डोळ्याले लावला अन् म्हनल्या, "चेकरभाऊ, हे तं अंगठी हाय. भाता दाबताना फळीवर लागते त्याईच्या बोटातली. बाकी गान्यांत ढोलकीखाली दबून जाते."

मी म्हनलो, तुमाले कवा समजलं?

"मले त्याईनंच सांगतलं. पयलाच नमुना आला त्या दिवशी."

मंग मले काहून नाई सांगतलं? दोन महिने मी येड्यासारखा कान लावून बसलो, त्यानं मले एका शब्दानं काहून नाई सांगतलं?

वहिनीनं रेकॉर्डवरची सुई उचलून बाजूले ठेवली. मंग म्हनल्या, "मी बी हेच म्हनलं त्याईले. तं म्हने, सांगू नको. आजवर माहं गानं कोनी इतकं ध्यान देऊन ऐकलं नाई. ऐकू दे त्याले."

मंडळी, मले राग आला होता, रडू आलं होतं, अन् तरी सांगतो, मले वहिनीवरबी संशय आला. वाटलं, माह्या मनाले बरं वाटावं म्हून बोलून राह्यल्या. इतका वाईट मानूस हाय मी. मी म्हनलो, वहिनी, अंगठी द्या. पेटी घेतली. अंगठी माह्या डाव्या बोटात घातली, ढिली होत होती. भाता दाबला. टक. तीच टक. मी पाच-सहा वेळा दाबून पाह्यला. मंग वहिनीनंच माह्या हातून पेटी काढून घेतली.

म्हनजे माहा संशय खरा निघाला. तो लपवूनच राह्यला होता. त्याच्या बायकोवरचं गानं, त्यात तिनंच घातलेली अंगठी वाजून राह्यली, अन् मी म्हनत होतो, खोट हाय, काढून टाका. मी ते गानं कमीत कमी शंभर वेळा ऐकलं असन. त्यातला एक एक शब्द मले पाठ हाय. चाळीस वर्षांत जे केलं नाई, ते मी खोट काढाच्या नादात करून बसलो. अन् तो समोर बसून ते पाहत होता. सुखी होता का तो तवा? मले वाटते, होता. पन हे मले पक्कं माहीत नाई, अन् आता विचारनार कोनाले?

हा कारखान्याचा कागद. इथं दोन चौकोन हायेत, मंजूर अन् नामंजूर. आज मी तुमच्यासमोर मंजूरवर निशानी करतो अन् सही करतो. रहीमभाई, तुमी पाहून राह्यले ना? झाली सही. रेकॉर्डी आल्या का मी घरोघर आनून देईन. पन मी चेकर हाय. महिन्यानं पुन्हा येऊन विचारीन, दुसऱ्या बाजूच्या शेवटी काय हाय? सांगता आलं नाई तं समजीन, पलटवली नाई.

आता सारे उभे राहा. मशीन मी संगं आनलं हाय. शेवटचं गानं लावतो. मोबाईल बंद करा. कोनी चपला शोधू नका. आधी नुसती खरखर येईन, मंग पेटी, मंग त्याचा आवाज, अन् मधात मधात टक. संपल्यावर सुई रिकामी फिरत राहीन, तवा दोन मिनिटं कोनी बोलू नका.

उत्तमभाऊ, माही तक्रार मी मागं घेतली. सारं बराबर हाय, कुठं खोट नाई.

म्हन, गड्या. आमी ऐकून राह्यलो.