पतपेढीसमोरची रांग

तुम्ही विचारता ना, एवढी अर्थशास्त्रज्ञ तू, मग गावी गेलीस की पैशाबद्दल तोंड का उघडत नाहीस? ऐका तर.

नुसत्या अफवेनं घाबरून लोक बँकेतून पैसे काढायला एकदम का धावतात, यावर माझी पीएचडी आहे. मागे दहिवलीला घरी गेले होते, तेव्हा शेजारच्या सुमनकाकूंनी सहज विचारलं, "काय गं, आपली पतपेढी बरी हाय ना?"

मी सवयीनं म्हटलं, "काकू, खात्रीनं असं कुठल्याच पेढीचं सांगता येत नाही."

काकू चहा अर्धा टाकून उठल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पतपेढीच्या मॅनेजरांचा फोन. "मॅडम, तुम्ही काय बोललात? बाहेर ही रांग लागलीय! असंच चाललं तर दुपारपर्यंत रोकड संपेल. मग खरंच बुडू आम्ही."

ज्यावर पीएचडी केली, ते माझ्याच एका वाक्यानं माझ्याच गावात घडत होतं. लोकांना समजवायला मी केसही न विंचरता तशीच पळत सुटले. मला पाहताच रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बगा रं, ती पन पळत आली!"

झालं! टपरीवर निवांत चहा पीत बसलेलेही रांगेत घुसले.

"अहो, पैसे सुरक्षित आहेत!" मी घसा फोडून सांगत होते. ऐकतंय कोण? तेवढ्यात रांगेच्या अगदी पुढून आईचा आवाज आला.

"तिकडं मागं काय करतेस गं? ये पुढं. तुजी जागा धरून ठेवलीय."