सुंठवड्याचं सामान

गंगाबाई : अवो बाय, तुमी व्हा ना पुडं. तुमचा नंबर हाय.

सुनंदा : नको नको, तुम्ही जा आधी. मला काही घाई नाही.

गंगाबाई : मगाशी त्या चष्मेवाल्याला बी आसंच बोललात. त्याच्या आदी त्या पोरवाल्या बाईला. मी मागं उबी राहून बगतंय ना! सगली बिल करून घरी जेवाया बसली आसतील, आनि तुमी हितंच. या रांगंत देव बसवलाय काय तुमचा?

सुनंदा : अहो, हसवू नका. त्या काउंटरपाशी गेले की मला मागं फिरावंसं वाटतं.

गंगाबाई : का माझ्या बास्केटात अंडी हायत म्हनून? तुमच्या ढकलगाडीत सगलं देवाचं दिसतंय. सुंठ, खोबरं, खारका. शिवंल म्हनून मला पुडं धाडताव काय? खरं बोला. मला राग नाय येत.

सुनंदा : उद्या रामनवमी, आज कशाला खोटं बोलू? तेही थोडं आहे मनात. पण खरी भीती वेगळीच आहे.

गंगाबाई : भीती? हितं कोन वाघ बसलाय काय? ती पोरगी तर बसलेय, एवडीशी.

सुनंदा : तिचा हात पाहिलात का? वस्तू उचलली, मशीनसमोर धरली, टिंग, की ढकलली. पहिली पिशवीत घालेपर्यंत सहा येऊन पडतात. गेल्या महिन्यात असंच झालं. माझ्या आधीच्या माणसाची अंडी अजून तिथंच होती, आणि माझा शिऱ्याचा रवा जाऊन त्यांना टेकला. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा हो! मी तो बाजूला घ्यायला गेले, तर या उजव्या हाताला पकडच आली नाही.

गंगाबाई : का? काय झालंय हाताला?

सुनंदा : दिवाळीनंतर झटका येऊन गेला. अर्धांगाचा, हलकाच. देवाची कृपा, वाचा शाबूत राहिली, पाय चालू लागले. हात मात्र अजून मनात येईल तेव्हाच ऐकतो, त्याच्या मनात. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, जमत नाही तर येतात कशाला ही म्हातारी माणसं.

गंगाबाई : आनि तुमी काय बोललात?

सुनंदा : काय बोलणार? सगळं तिथंच ठेवलं आणि रिकाम्या हातानं घरी गेले. मुलानं विचारलं, आई, सामान कुठंय? मला रडूच फुटलं.

गंगाबाई : मी आसते ना मागं, त्या बोलनाऱ्याच्या डोस्क्यात तो रवा वतला आसता.

सुनंदा : प्रसादाचा?

गंगाबाई : मंग नाय वतला आसता. ती अंडी फोडली आसती.

सुनंदा : काय बाई तुम्ही! नाव काय तुमचं?

गंगाबाई : गंगाबाई. उरनजवलच्या मोऱ्याची मी. बंदरावरची मासली घेते आनि पनवेलला येऊन इकते. आनि तुमी?

सुनंदा : मी सुनंदा. इथंच नवीन पनवेलला राहते. माझा मुलगा, अपूर्व, बाहेर गाडीत बसलाय. येताना म्हणाला, आई, आज शेवटचं. जमलं तर जमलं, नाहीतर यापुढे सगळं मोबाईलवरून घरी मागवायचं. तू रडत आलेली मला बघवत नाही. वाईट नाही हो तो. जीव टाकतो माझ्यावर. सूनही तशीच.

गंगाबाई : मंग बरंच की! मला कोनी दारात आनून दिलं, तर मी पाय पसरून बसेन आनि त्यालाच च्या कराया सांगेन.

सुनंदा : साबण मागव, तेल मागव, माझी ना नाही. पण हे रामजन्माच्या सुंठवड्याचं सामान आहे. खारीक दाबून बघायची, खोबरं खवट नाही ना ते हुंगून घ्यायचं. मोबाईल हुंगतो का? उद्या आमच्या सोसायटीच्या देवळात जन्माचं कीर्तन आहे. पूर्वी मी बुवांच्या मागे झांजा घेऊन उभी राहायची.

गंगाबाई : आनि आता?

सुनंदा : आता झांज धरवत नाही. पहिल्यांदा हातातून निसटून पडली ना, ती बुवांच्या पायापाशी घरंगळत गेली. बुवांनी आख्यान थांबवलं नाही. वाकले, झांज उचलली, कपाळाला लावली आणि खाली ठेवली. कुणाला वाटलं असेल कीर्तनातलाच भाग आहे. इतका मोठा माणूस! पण मी त्यानंतर उभी राहिले नाही.

गंगाबाई : खाली बसून आयकाचं मंग. आयकनारी बी लागतातच की.

सुनंदा : लागतात, आणि ऐकणं म्हणजे भाग्यच. पण जन्मभर मागं उभं राहिलेल्या बाईला पुढं बसवत नाही हो. हातात राहिलाय तो हा सुंठवडा. पाळणा हलला, की बुवा स्वतः म्हणतात, सुनंदाताईंचा सुंठवडा आणा. आज मी इथून रिकामी गेले, तर उद्या विकतची पाकिटं येतील. मग त्या देवळात माझं म्हणून काय उरलं?

गंगाबाई : आनि ते मागं उबं राहून काय करताव? नुसतं टाल कुटाचं?

सुनंदा : नाही हो. बुवा ओळ म्हणतात, आणि दम घ्यायला थांबतात. तेवढ्यात मागच्यांनी ती ओळ उचलायची. खाली पडू द्यायची नाही. बुवा कितीही गुणी असोत, मागं कुणी नसेल तर कीर्तन उभं राहत नाही.

गंगाबाई : मंग आज तुमच्या मागं मी हाय. व्हा पुडं.

सुनंदा : अहो, पण…

गंगाबाई : पन नाय नि बिन नाय. हा मागचा दादा आता आपल्या दोगींना वलांडून जाईल. सरका!

विनिता : नेक्स्ट! काकू, सामान ठेवा वर. कॅरीबॅग लागेल? मोबाईल नंबर सांगा.

सुनंदा : थांब गं बाळ, सगळं एकदम नको विचारूस. नाव काय तुझं? हां, छातीवर लिहिलंय. विनिता. विनिता, तू जरा सावकाश घेशील का? माझा हात अधू आहे.

विनिता : सॉरी काकू, खरंच नाही जमणार. पहिला आयटम स्कॅन केला की सिस्टिममध्ये घड्याळ सुरू होतं. मध्ये थांबले की सुपरवायझरला दिसतं. परवाच मला बोलले, तुझं काउंटर स्लो आहे म्हणून.

सुनंदा : तू स्लो? अगं, तुझा हात डोळ्याला दिसत नाही! आणि पहिली वस्तू घ्यायच्या आधी?

विनिता : आधी म्हणजे?

सुनंदा : आधी थांबलीस, तर घड्याळाला कळतं का?

विनिता : नाही. आधी काहीच नसतं. पण आधी कुणी थांबतच नाही ना, काकू. लोक सामान टाकतात आणि म्हणतात, चल, मार.

सुनंदा : मग मी थांबते. सूर आधीच लावून घेऊ. तबला जुळल्याशिवाय आमचे बुवा नमनालासुद्धा उभे राहत नाहीत. आणि तो जुळवत असताना सभेतला एक माणूस म्हणत नाही, आटपा. उलट सगळे कान देऊन ऐकतात.

गंगाबाई : हितं बोलतात ना पन! ओ दादा, काय वो? मोऱ्याची लाँच सुटते काय तुमची? नाय ना? मंग जरा दम धरा. तुमची आई बी येत आसंल कुटंतरी रांगंत. हां. आसं. गप झाला, सुनंदाबाय. लावा तुमचा सूर.

सुनंदा : ही कापडी पिशवी. हिचं तोंड उघडून या गाडीच्या दांड्याला अडकवते. डाव्या हातानं जमतं मला. ही दुसरी, साबण आणि फिनेलची. ती लांब, पलीकडे. हे कार्ड वर काढून ठेवलं. नंबर सांगते, घालून टाक.

विनिता : बोला. हां… झाला. काकू, अजून एक सांगू? देवाचं सगळं आधी ठेवा, साबण शेवटी. मी त्याच ऑर्डरनं देते, म्हणजे तुम्हाला निवडत बसायला नको. आणि थांबा, हा पट्टा मी पुसून घेते. मघाशी कुणाचं तरी दही सांडलंय.

सुनंदा : अगं, तुझी घाई आणि पट्टा पुसतेस?

विनिता : घड्याळ कुठं सुरू झालंय अजून?

गंगाबाई : बगा, पोरगी शिकली बी! कुटली गं तू?

विनिता : शिरढोणची, मावशी.

गंगाबाई : म्हनून. नाक्यावर शिरढोनची गिऱ्हाइकं येतात माज्याकडं. भाव लई पाडतात, पन मानसं बरी.

विनिता : काकू, रेडी?

सुनंदा : जय जय रघुवीर समर्थ. घे.

विनिता : सुंठ. खोबरं. खोबरं दोन. खसखस.

सुनंदा : आली… गेली पिशवीत. आली… गेली. अगं बाई, हे जमतंय की! विनिता, तुझ्या त्या टिंग टिंगला छान लय आहे गं.

विनिता : बडीशेप. ओवा. वेलची. खारीक. खारीक.

सुनंदा : घेतली. ही पण… थांब. थांब, गंगाबाई, खारकांचं पाकीट उजव्या हातात आलं. बोटं उघडत नाहीत. धरलंय ते सोडता येईना!

विनिता : काकू, खडीसाखर आली. पिठीसाखर. खाली पडेल, काकू, सांभाळा!

गंगाबाई : मी उचलू काय? सुनंदाबाय, आयका. पाटेपासून मासलीत व्हते माजे हात. साबनानं धुतलेत, पन वास हाय तो हायच. हे देवाचं. शिवू काय?

(सुनंदा देवाच्या पिशवीकडे बघते. मशीन टिंग टिंग करत राहतं.)

गंगाबाई : बोला ना, बाय!

सुनंदा : उचला हो, गंगाबाई, ओळ खाली पडतेय!

गंगाबाई : हां! धरली. ही बी धरली. टाकली पिशवीत. चल गं विनिता, काय आसंल ते येऊ दे. बंदरावर अख्खी बोट उतरवताव आमी, तुजी पाकिटं काय घेऊन बसलीस!

विनिता : साबण. साबण. फिनेल.

गंगाबाई : ती त्या लांबच्या पिशवीत. म्हाईत हाय मला. आनि सुनंदाबाय, तो हात इकडं द्या. आसा नाय तानाचा. सैल सोडा. पंज्याच्या पाठीवर चोलते जरा… हां. उगडली बगा बोटं.

विनिता : झालं! काकू, बिल निघालं. कार्ड इथं टेकवा. आणि स्क्रीन बघा, हिरवी आहे. टायमात बसलं सगळं.

सुनंदा : झालं? एवढंच?

विनिता : एवढंच. मावशी, तुमचं ठेवा आता. अंडी जपून.

सुनंदा : विनिता, बाळ, तुझे आभार कसे मानू? तू पट्टा पुसलास ना, तिथंच मला धीर आला. उद्या कीर्तनाला यायला तुला सुट्टी नसेल. पण सुंठवडा मी पाठवीन. अपूर्व आणून देईल.

विनिता : नक्की पाठवा, काकू. आणि पुढच्या वेळी रांग मोठी असली तरी माझ्याच काउंटरला या. नेक्स्ट!

गंगाबाई : चला, दारापाशी त्या कट्ट्यावर टेकवा पिशव्या. घाम फुटलाय तुमाला. मी बी आले.

सुनंदा : थांबा, फोन वाजतोय. अपूर्वच असणार. हॅलो… हो रे, झालं. नाही, काही सोडलं नाही, सगळं मिळालं… नाही, रडत नाहीये, दमलेय जरा… आत नको येऊस. गाडी दारापाशी आण फक्त. पिशव्या मी घेऊन येते. आणि ऐक, पुढच्या महिन्याचं सामानही मीच आणणार आहे… हो, हो. कळलं. ठेव.

गंगाबाई : काय बोलला?

सुनंदा : म्हणाला, बरं. आणि नाक ओढलं.

गंगाबाई : पोरगा चांगला हाय.

सुनंदा : गंगाबाई, मघाशी तुम्ही विचारलंत, शिवू का. आणि मी गप्प बसले.

गंगाबाई : जाऊ दे वो. आमाला सवय हाय.

सुनंदा : तीच तर लाज वाटली मला. कीर्तन संपलं की आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. शेजारी कोण आहे, विचारत नाही. इतकी वर्षं पडत आले. आणि आज पाकीट उचलू देताना मला विचार करावा लागला.

गंगाबाई : पन बोललात ना शेवटी? एवड्या जोरात बोललात, त्या दादाची टोपलीच हातातनं पडली. मंग कशाला जिवाला लावून घेताव?

सुनंदा : उद्या काय करता तुम्ही?

गंगाबाई : उद्या रामनवमी. मासली कोन खातंय? उद्या मला सुट्टीच.

सुनंदा : मग याल का माझ्याकडे? सुंठ, खारीक, सगळं कुटायचं आहे. सून मिक्सर लाव म्हणते, पण सुंठवडा खलबत्त्यातलाच लागतो. माझा एकच हात चालतो.

गंगाबाई : मी? सुंठवडा कुटाया? देवलातली मानसं काय बोलतील?

सुनंदा : बुवा म्हणतील, सुनंदाताईंचा सुंठवडा आणा. मी म्हणेन, गंगाबाईंचाही आहे.

गंगाबाई : सकालच्या पयल्या एस्टीनं येते मंग. आंघोल करून, धुतलेलं लुगडं नेसून.

सुनंदा : या. चहा घेऊ नका घरी, मी टाकते दोघींचा.