तिसरं ताट

हॅलो?… हॅलो?… कोण, राजेश्री?… हो, हो, बोल पोरी. मीच धोंडीबा. दुसरं कोण असणार घरात?

ओरडू नको, ऐकू येतंय. मेंढवाड्यापाशी उभा हाय. मेंढ्या आत्ताच आल्या चरून. एक कोकरू लंगडायलंय, बाकी बरं हाय… तू परभणीलाच हायस अजून? मीटिंग सुटली न्हाई?

मग तू बाहेर कामून आलीस?… मला विचारायला? फुटबॉलच्या लीगवाल्यांना मेंढक्याला काय विचारायचंय?

हं… हं… हो, तो नियम ठाऊक हाय मला. आदिनाथ सांगून गेला ना. कप्तान झाल्यापासून लय भाव खातो, पण समजावलं नीट. क्लबानं कमाईएवढाच खर्च करायचा. डोक्यावर उसनवारी ठेवून मैदानात उतरायचं न्हाई… बरोबरच हाय की. गेल्या साली त्या एका क्लबानं बाहेरून पोरं आणली, आन् पैसे संपल्यावर स्टेशनावर उपाशी सोडून दिली. असले नियम पाहिजेतच.

पण आपल्या क्लबाचं सगळं फिटलं की. बुटांचं दुकान फिटलं, टेम्पोवाला फिटला. सोयाबीन काढायला जाऊन जाऊन फेडलं पोरांनी… मग आता कुणाचं राहिलं?

…

जीवनचं.

ऐकायलोय. बोल.

अगं ते काय मला सांगतेस? माझा पोरगा तो. आपल्या वाट्याच्या मेंढ्या विकून क्लब उभा केला त्यानं. तुझ्या लग्नातल्या पाटल्या बी गेल्या त्यात. गोलाला जाळी न्हवती तर माझी वाघर उचलून नेली लबाडानं, मेंढ्या कोंडायची! मेंढ्या गावभर, मी रातभर राखत बसलो, आन् हा सकाळी सांगतो, बाबा, वाघरीत काल सहा गोल कोंडले.

हसलीस?… हस, हस. लय दिवसांनी हसलीस.

हं… म्हणजे क्लबानं जीवनचेच पैसे द्यायचे राहिलेत. आन् ते हिशेबात हायत तोवर पोरांना खेळू देणार न्हाईत… रविवारची मॅच बी?… दत्तराव म्हणाला? लीगचा अध्यक्ष झाला म्हणून त्याला फुटबॉल कळतो का? मेंढीच्या लेंडीएवढा!… बरं, बरं. मोठा माणूस हाय. न्हाई बोलत.

मग काही उपाय सांगितला असंल की… माफ करायचे? कर की माफ. आपल्याला कुठं पाहिजेत…

काय?

परत सांग.

…ज्यानं दिले त्यानंच माफ करायचे. आन् तो नसंल तर वारसांनी… नसंल तर म्हणजे?

कोर्टाचं वेगळं, त्यांना घरच्यांचा शब्द पुरे… अगं पण कसला शब्द? तो कुठं हाय ते कुणाला ठाऊक हाय? पूर्णेला पाणी आलं. मेंढ्या सगळ्या वर आल्या. तो दिसला न्हाई. एवढंच झालं. बुडताना कुणी बघितलं का त्याला? कुणाला घावला का तो?… तिसरं साल लागलं, घावला का?… न्हाई ना? मग मधीच वारस कुठून आले?

…रडू नको. लोक बघतील.

राजेश्री… अगं ऐक ना. हे ऐकू आलं?

गप जरा. फोन भिंतीकडं धरतो… आलं?… धप्प… हे आणखी एक. मेंढवाड्यामागची भिंत. तो बॉल मारायचा तीच. दिवा लावायच्या वक्ताला, रोज… वारा कुठला? लिंबाचं पान हालंना. मेंढ्या सगळ्या कान टवकारून उभ्यात. मोत्या भिंतीकडं बघून शेपूट हालवायलाय. कुत्र्याला बी भास होतो व्हय?

न्हाई. मागं जाऊन कधीच बघितलं न्हाई… भ्यायचं कशाला? माझंच लेकरू. पण बघितलं आन् तिथं कुणीच नसलं तर?… म्हणून न्हाई जात.

तू एक काम कर. आत जाऊन काहीच सांगू नको. ते पैसे राहू दे क्लबाकडं. माणसाचे पैसे अडकलेले असले की तो मागायला येतो. आपला जीवन तर मेंढीबाजारात कुणाला रुपया सोडत न्हवता. आपण माफ करून टाकले, तर तो कशासाठी येईल ग?

…

माझ्यासाठी?… तुझ्यासाठी?… हं. यायचं असतं तर…

हं.

…मागं कोण बोलायलंय? आदिनाथ?… सगळीच पोरं आलीत?… बूट घालून? मॅच रविवारी आन् आजच बूट घालून उभी? येडी लेकरं.

काय म्हणतो तो?… बाबांना जोर देऊ नका, आमी न्हाई खेळलो तरी चालंल?… असं म्हणाला?… जीवन असाच बोलायचा. हुबेहूब.

आन् तू? तू काय म्हणतेस? खरं सांग पोरी. मी म्हणलो म्हणून रोज तिसरं ताट वाढतेस. भाकरी झाकून ठेवतेस, सकाळी मोत्याला घालतेस. एकदा बी तोंड वाकडं केलं न्हाईस…

…

थकलीस.

…दिसत होतं मला. दिसत होतं, पण बोललो न्हाई.

जा आत. फोन बंद करू नको. मोठ्या आवाजावर टाक, सगळ्यांना ऐकू दे… हो म्हणलं ना. जा.

…

रामराम दत्तराव. हो, मी धोंडीबा, पेडगावचा. जीवनचा बाप… हो, समजलं. माझ्या मर्जीनंच बोलायलोय. सुनेनं जबरदस्ती केली न्हाई… बोलतो.

माझा पोरगा जीवन… पूर्णेच्या पुरात…

थांबा.

…

माझा पोरगा जीवन पूर्णेच्या पुरात वारला. वारला तो. त्यानं क्लबाला दिलेले पैसे मी आन् त्याच्या बायकोनं माफ केले. क्लबाकडं आमचं काही न्हाई आता. पोरांना खेळू द्या.

…पुन्हा? पुन्हा न्हाई बोलणार साहेब. बोललो तेवढं लिहून घ्या.

…राजेश्री? तू हायस का?… कसला गलका चाललाय तिथं? पोरं हसायलीत का रडायलीत?… दोन्ही? बरं.

ऐक ग… न्हाई, आता न्हाई वाजत. मी ते बोललो आन् बंद झालं… खरंच. एकेक करून मेंढ्या बसल्या खाली. मोत्या पायापाशी येऊन पडला…

बरा हाय मी. घाबरू नको. शेवटची बस चुकवू नको म्हणजे झालं. आन् आदिनाथला सांग, त्यांची जाळी फाटलीय ना, रविवारी माझी वाघर घेऊन जा म्हणावं… मेंढ्यांचं काय? एक रात बसतो की राखत. आधी बी बसलो होतोच.

भाकरी मी थापतो. जळली तर जळली, नाव ठेवायचं न्हाई. तू आलीस की बसू जेवायला… न्हाई पोरी. ताटं दोनच घेऊ आज… हो. दोनच. तुझं आन् माझं.

…बरं, ठेवतो आता. उजेड हाय तोवर भिंतीमागं एकदा जाऊन येतो.