वकीलसाहेबांच्या कपाटाची चावी

चंद्रभागा : चिठ्ठीवरची सही यांचीच आहे. म्हणून काय झालं? भिकनच्या दराजात यांच्या सहीचे कोरे कागद कायम असतात. त्यावर कोणी काहीही लिहील.

भिकन : वहिनी, तीस वर्षं साहेबांची मुन्शीगिरी करतो. साहेब बाहेरगावी असले की पेशीची तारीख वाढवायला लागतात ते कागद. त्यातला एक इकडचा तिकडे गेला नाही.

चंद्रभागा : तुले चोर म्हटलं का मी? लकवा मारून माणूस इंदूरच्या दवाखान्यात पडलाय, तोंडातून शब्द फुटत नाही. आणि चौथ्या दिवशी या पोरीच्या पर्समधून चिठ्ठी निघते. म्हणे माझं काही झालं तर माझी कामं पूनम वकिलानं पाहावी. हीच कायले? सिंधीपुऱ्याच्या घराच्या केसमधे ही यांच्याच विरुद्ध उभी राहते.

पूनम : म्हणूनच तर, काकू. दोन वर्षांपूर्वी सरांच्या छातीत दुखलं, त्याच आठवड्यात त्यांनी ही चिठ्ठी दिली. म्हणाले, जी माझ्या चुका काढते तिलाच माझं काम समजतं. ती एक केस महेशभाऊ वकिलांकडे जाईल, असं लिहिलंय त्यात. त्या केसच्या कागदांच्या बस्त्याला मी हात लावणार नाही. भिकनदादाच काढतील.

चंद्रभागा : बोलण्यात पक्की आहेस.

पूनम : बहस नंतर करू ना, काकू. सरांच्या पक्षकार भागाबाईंच्या अपीलचा आज आखरी दिवस आहे. निकालाची नक्कल या कपाटात, आणि सरांची चावी त्यांच्या कोटासोबत इंदूरला गेली. आज अपील लागली नाही, तर त्यांच्या केळीच्या वावरावर दीर ताबा घ्यायला थांबणार नाही.

चंद्रभागा : भागाबाईले माहीत आहे, तू आली ते?

पूनम : सकाळपासून कोर्टाच्या गेटवर बसल्यात. नव्या वकालतनाम्यावर अंगठा दिलाय त्यांनी.

चंद्रभागा : अंगठा तर कोणीही घेतं. चिठ्ठीचं ते मागचं पान दुमडून कायले ठेवलंस?

पूनम : ते तुम्हाला दाखवू नको, म्हणाले होते सर.

चंद्रभागा : आता तर वाचच.

पूनम : 'दुसरी चावी चंद्रभागाने ज्वारीच्या कोठीत तळाशी, माझ्या जुन्या मोज्यात ठेवली आहे. मला हे माहीत आहे, असं तिला कळू देऊ नये. चावी तिच्याच हातून घ्यावी.'

(चंद्रभागा साहेबांच्या खुर्चीवर बसते.)

चंद्रभागा : मोज्याचं कोणालेच सांगितलं नव्हतं मी.

भिकन : मलेही नाही.

चंद्रभागा : सकाळी मी मंदिरात गेली होती. हा भिकन शनवारा चौकात चहा प्यायला. तासभर घर उघडंच होतं.

पूनम : हो. मी आले तेव्हा कोणीच नव्हतं.

चंद्रभागा : मग तू कुठं होती?

पूनम : बाहेरच्या ओट्यावर, काकू. तुमची वाट पाहत.

चंद्रभागा : भिकन, परात आण. ज्वारी उपसावी लागेल.