पुठ्ठ्याचं नंदाखाल
हसू नका रे, आधी ऐका. पोरं वर्गात कंटाळतात म्हनून पोरीच्या बाईंनी थीम काढली, वीस वर्सांनंतरचं आपलं नंदाखाल. पुठ्ठ्याचं गाव करायचं. आमाला बघायला बोलावलं. बघतो तर माझ्याच पोरीने आमच्या केळीच्या वाडीवर टॉवर ठोकलेला. आनि बाई टाळ्या वाजवतायत. माझं डोकंच फिरलं.

"आपली वाडी कुठे गेली गं?"

"इथेच होती ना बाबा. आता पार्किंग आहे."

"आनि मी? मेलो काय?"

"नाही रे. हा बघ तू, गेटवर. वॉचमन."

तोंडात आलेली शिवी गिळली. तर ती हळूच म्हनते, "उभं राहून तुझे पाय दुखतील ना, म्हणून खुर्ची पण केलीय."

काड्यापेटीची एवढीशी खुर्ची रे. आता सांगा, कोनावर ओरडू?