तिकिटावरचे बूट आन माझी भुई

…आन तिकिटावर बूट! नाय, तुमीच सांगा, जे टपालाचं तिकीट माणूस जिभेला लावून पाकिटावर चिकटवतो, त्याच्यावर कोणी बूट काढतं का? आपल्याकडं तिकिटावर पुढारी असतो, मोर असतो, फूल असतं… हितं एक काळा कोटवाला, हात पसरलेले, एक टाच वर, एक खाली, आन बूट असे चकचकीत की त्यात बघून कुंकू लावावं! आमचा पोस्टमन जगन म्हणतो, "मावशे, हा नाच हाय. बुटाच्या तळाला पत्रा ठोकतात आन फळ्यांवर वाजवतात, टकटक टकाटक. त्या नाचाचा मान म्हणून तिथल्या सरकारनं तिकीट काढलंय, खाली छापलंय बघ." मी म्हटलं, नाल ठोकून नाचायला तो काय टांग्याचा घोडा हाय?

पाकीट कोणाचं? माझ्या अमोलचं. एकुलता एक. परदेशात हॉटेलात स्वयंपाक करतो, त्या देशाचं नाव मला अजून धड घेता येत नाय. पत्र चार ओळींचं. 'आई, मे महिन्यात यायला जमत नाय, सुट्टी नाय. घरातली जमीन खणू नको, लादी बसव.' खणू नको म्हणे! आदल्या दिवशीच खणली होती मी! कोणासाठी? तो येणार म्हणून!

आता तुमाला सांगते, भुई नवी करायची म्हंजे खणायची, पाणी मारायचं, रातभर मुरू द्यायचं, आन दुसऱ्या दिवशी सगळ्या शेजारणी लाकडी चोपणी घेऊन हजर. गाणी म्हणत चोपायची. एकटीचं कामच नाय ते! आन तो दिवस चुकला की माती सुकते, भेगा पडतात, सगळं फुकट. अख्ख्या पाड्यात एक घर दाखवा, जिथं माझं चोपणं पडलं नाय! आन माझ्या भुईला? सुंदराकडं गेले, ती टीव्हीकडची मान न वळवता म्हणते, "अगो सकुबाय, लादी टाक की! आता कोण चोपतंय?" धाऊकडं गेले, तर "वहिनी, माझी सेकंड शिफ्ट!" त्याची बायको म्हणाली, "कंबर." नुसतं कंबर! पुढं बोलायचे पण कष्ट नाय!

परत आले. घरभर ओली माती, मधोमध मी, हातात पाकीट… आन तिकिटावर बूट! बघतच राहिले. म्हटलं, ह्याच्या मागं पण कोणी दिसत नाय गो. अख्ख्या तिकिटावर एकटाच! जगनला काय कळतंय, हा नाचत नाय, हा भुई चोपतोय! ह्याच्याकडं पण शेजारीण आली नसणार!

मग काढले आमच्या ह्यांचे बूट. मुरबाडला कारखान्यात वॉचमन होते, जाऊन सहा वर्षं झाली, बूट तेवढे माळ्यावर राहिले. पुढं चिंध्या कोंबल्या, पदर खोचला, आन सुरू! टाच, चवडा, टाच, चवडा… सुंदराच्या टीव्हीवर एक टाच, धाऊच्या शिफ्टवर एक टाच, त्याच्या बायकोच्या कंबरेवर एक, आन अमोलच्या सुट्टीवर दोन्ही पाय एकदम! अंबाडा सुटला, घाम डोळ्यांत, तोंडानं काय बडबडत होते देव जाणे. तेवढ्यात शिफ्टला निघालेला धाऊ दारातनं डोकावला, आन बोंबलला, "अगो धावा! सकुबाईच्या अंगात आलं!"

आता येतील की नाय? आले! ती कंबर सगळ्यांच्या पुढं! सुंदरा टीव्ही टाकून हळदीकुंकवाचं ताट घेऊन! "बये, काय चुकलं आमचं?" "बये, पोराला नोकरी कधी लागंल?" वाटलं, बूट काढावा आन एकेकाला हाणावा. पण मान वर करून बघितलं… वीस-बावीस माणसं. माझ्या घरात. ह्यांना पोचवायला आली होती, त्याच्यानंतर पयल्यांदाच.

मग मी डोळे फिरवले. आवाज घोगरा केला. म्हटलं, "भुई… चोपा!"

अहो, काय चोपली म्हणता! ज्यांच्या घरात लादी, त्यांच्या पण माळ्यावरनं चोपणी निघाली! धाऊची शिफ्ट बुडाली. गाणी झाली, कडवी विसरली ती मी अंगात आलेलं असतानाच सांगितली. आन देवीच्या पायात बूट! बूट, तुमाला सांगते! एकानं पण विचारलं नाय, की बये, तू चपला सोडून हे कधीपास्नं घालायला लागलीस? उलट बुटांनाच हळदकुंकू लावून गेले!

दिवेलागणीला भुई अशी झाली की नखानं ओरखडा उठत नाय. देवीला मुलगा मागितला, नोकरी मागितली, म्हशीचं दूध मागितलं. पाकीट तिथंच खुंटीला अडकवलेलं. पण "सकुबाई, अमोलचं पत्र आलं ना, काय म्हणतो?"… एवढं विचारायला कोणी थांबलं नाय. गेले. मी आन भुई.

आता रोज कोणी ना कोणी दारात उभं. "सकुबाई, देवी परत कधी यायची?" मी काय सांगू? मी पण अमोलला दर पत्रात हेच विचारते, परत कधी यायचा? तो मला जे सांगतो, तेच मी ह्यांना सांगून टाकते…

देवीला सुट्टी नाय.